जमीन दिसली का रे?

मी आकोयाचा पक्षी बोलतोय. लांब काळे पंख, दुभंगलेली शेपटी, बाकदार चोच. दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणं हा आमचा कुलधर्म. जन्म समुद्रावर जातो, पण पाण्यावर बसता येत नाही. पंख भिजले की कारभार आटोपला. म्हणून तर आमच्या किरिबाती बेटांचे नाखवे लांबच्या सफरीला आम्हाला बरोबर नेतात. वाट चुकली की सोडून देतात. जमीन दिसली तर पक्षी तिकडेच जातो, नाही दिसली तर मुकाट होडीवर परततो.

पण हा नियम बाकीच्या पक्ष्यांचा. मला आकोयानं पिल्लू असल्यापासून हातानं मासे भरवलेले.

तिची लेक दूरच्या बेटावर दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आकोयाचा नवरा बिरिबो नाखवा, तिचा दीर तिरोबा सुकाणूवर, ती आणि मी असे लेकीकडे निघालो. माझ्यासाठी सुक्या माशांची टोपली वेगळी होती. वादळानं दोन दिवस झोडपलं, ढगांनी तारे गिळले. शहाळी संपत आली तेव्हा बिरिबोनं मला सोडलं.

मी उंच गेलो. मावळतीला बेट दिसलं, माड दिसले. मग खाली टोपली दिसली. मी परत आलो.

"पुढे जमीन नाही," बिरिबो खोल आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिरोबा ओठ चाटत म्हणाला, "वहिनी, दोन शहाळी उरलीत. मागे वळलो तर पोचणार नाही, पण पुढे तरी काय आहे?"

"वळव," बिरिबो म्हणाला. "पक्षी खोटं बोलत नाही. देवाचा आहे तो."

"देवाचा कुठला? मी वाढवलाय त्याला!" आकोया कडाडली. "मेला माशासाठी स्वर्गातूनही परत येईल. थांबा जरा."

तिनं टोपलीतला शेवटचा मासा उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत, कोरड्या घशानं, काट्यासकट चावून खाल्ला. रिकामी टोपली माझ्यापुढे उपडी केली.

"आता जा!"

असा अपमान माझा कधी झाला नव्हता. मी तरातरा उडालो तो थेट मावळतीला. मागून शीड वळल्याचा फडफडाट ऐकू आला.

संध्याकाळी ते किनाऱ्याला लागले. बेट लेकीचंच निघालं. मी एका अनोळखी म्हातारीकडे मासा मागत बसलो होतो. आकोयानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती धावत लेकीकडे गेली. पहाटे नात झाली.

आता मी म्हातारा झालोय. गावच्या सभाघरात बिरिबो अजून सांगतो, "तिसऱ्या खेपेला पक्ष्यानं जमीन शोधली!" मी मान ताठ करून ऐकतो, पण आतून फार लाज वाटते. तुम्हाला म्हणून सांगितलं, त्याला कळवू नका.

आकोयाला सगळं ठाऊक आहे. आजही रोज ती मासा घेऊन येते, पण लगेच देत नाही. तो उंच धरते आणि आधी विचारते, "जमीन दिसली का रे?"