तपकिरीच्या डबीतल्या रिंगा

माझा स्वभाव तापट. सरला, माझी बायको, म्हणते, पाखरांना हळुवार धरता आणि माणसांवर खेकसता. खोटं कसं म्हणू?

कोनच्या खाडीवर आमच्या पक्षी मंडळाचं शिबिर त्र्याऐंशीपासून दर भाद्रपदात भरायचं. त्या दिवसांत उत्तरेकडच्या थंड देशांतून आलेले चिखल्या जातीचे पक्षी ओहोटीच्या चिखलावर उतरतात. ते जाळ्यात धरायचे, पायात नंबराची रिंग घालायची, वहीत टिपायचं, सोडून द्यायचं. तोच पक्षी पुन्हा सापडला तर त्याची वाट कळते. चार वर्षांत आमचा एकही सापडला नव्हता. सत्त्याऐंशीत मंडळाचं पत्र आलं, यंदाही हाती काही लागलं नाही तर शिबिर बंद.

जाळी लावायला गावचा विठू असायचा. पत्राचं त्याला सांगितलं. तो जाळं सोडवून घरी गेला.

दुसऱ्या सकाळी त्याची बायको ठकुबाई तंबूपाशी आली. पदराखालून तपकिरीची डबी काढून तिनं उघडली. आत चार रिंगा होत्या, आमच्याच.

"कुठून आणल्या या?" माझा आवाज चढलाच.

"खाल्ली आमी ती पाखरं," ती खाली बघून म्हणाली. "गौरीला तिखटाचा निवद लागतो न्हाय का. दरसाल एक."

"मग तेव्हाच द्यायच्या ना!"

"पयल्या साली तुमीच बोल्ले, रिंगेचं पाखरू मारंल त्याला पोलिसात देईन. सगळ्यांनी खाडीत फेकल्या. मी ठेवल्या. आकडं हायेत, कुनाचं तरी असंल."

बोललो होतो खरा, अख्ख्या गावापुढे. चार वर्षं ज्या रिंगांसाठी मी जीव टाकत होतो, त्या माझ्याच तोंडानं खाडीत घालवल्या होत्या. लाज वाटली मला, फार वाटली.

कुठली रिंग कुठल्या गौरीची, ते तिला चोख ठाऊक होतं. जुनी पंचांगं बघून मी तारखा लावल्या. त्यातला एक पक्षी त्र्याऐंशीत सोडलेला, शहाऐंशीत याच चिखलावर परतलेला. एवढ्यावर शिबिर वाचलं.

कागद भरताना मी 'कळवणाऱ्याचं नाव' या रकान्यात तिचं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

ठकुबाईनं डबी मिटली. "सायेब," ती हळूच म्हणाली, "पोलीस आजच येतील, का गौर जेवल्यावर?"