भार्गवीच्या ट्रॅक्टरचा चिमटा

भार्गवीचा पाय पहिल्यांदा घसरला तो ट्रॅक्टरवरून उतरताना, आणि तिनं काय, तिच्या नवऱ्यानं, चंद्रहासनं काय, दोघांनीही दोष चिखलाला दिला. वाखनिंगन या डच गावाबाहेरची ती नदीकाठची माती चिकट, पाऊस लागला की बूट सोडत नाही. दुसऱ्यांदा ती घरातल्या सपाट फरशीवर पडली, तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही.

मातीचा अभ्यास करायला म्हणूनच ती या देशात आली होती. विद्यापीठात बरीच वर्षं काढल्यावर एक दिवस म्हणाली, बाटलीतली माती पुरे झाली, आता हाताला लागणारी हवी. विम नावाच्या एका म्हाताऱ्या दूधवाल्या शेतकऱ्याकडून तिनं जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेतला आणि त्यावर मेथी, लाल माठ, चवळी, प्लॅस्टिकच्या बोगद्यात दुधी असं लावायला लागली. शनिवारी आइंडहोवन-उट्रेख्टची मराठी मंडळी गाड्या काढून भाजी न्यायला येत. जोडीला एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता, आपल्याकडे द्राक्षबागेच्या ओळींतून फिरतो तेवढा. पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलायचं बकेट. त्या सीटवर बसली की ती कुणाचं ऐकत नसे.

चंद्रहास आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होता. तिच्या शेतीत त्याचा सहभाग म्हणजे शनिवारी पिशव्या भरणं.

तपासण्या झाल्यावर न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी शांतपणे सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. पाय, हात, जीभ, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहतं. औषध नाही. भार्गवीनं एवढंच विचारलं, की हात कधी जातील. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

परतताना गाडी चंद्रहास चालवत होता. घराच्या वळणावर आला तेव्हा म्हणाला, "तुला वजन उचलता येत नाही ना, मग ट्रॅक्टर उचलेल. लोडरला चिमटा बसवतो. क्रेट धरेल, गवताची गाठ धरेल. तू फक्त बटन दाबायचं."

"बरं," ती म्हणाली.

ते काम सोपं नव्हतं. ट्रॅक्टरचा पंप तेल ढकलतो, त्या तेलाच्या दाबावर लोडर वर-खाली होतो आणि बकेट कलतं. चिमटा उघडायचा-मिटायचा तर त्याच तेलाला आणखी एक वाट काढून द्यायला हवी, म्हणजे एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, त्यातून निघून लोडरच्या दोन्ही हातांवरून पुढे जाणारे होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, आणि लोडर चालवायच्या दांड्याच्या टोकाला बटन. तयार संच मिळतात, पण या जुन्या मॉडेलला बसेल असा मिळेना. चंद्रहासनं सुटे भाग मागवले. विमनं गोठ्याशेजारची शेड वापरायला दिली. ऑफिसातून आला की तो थेट तिकडे जाई आणि जेवायच्या वेळेला तेलकट हातांनी परत येई. तो खुशीत असे. भार्गवीला ते दिसत होतं. डॉक्टरकडे गेल्यापासून त्याच्या तोंडावर आलेलं पहिलं हसू त्या शेडमधून आलं होतं, त्यामुळे तिनं त्याला अडवलं नाही.

वसंतात पहिली चाचणी झाली. तिला त्यानं उचलूनच सीटवर बसवलं. तिनं बटन दाबलं, चिमट्याचा जबडा उघडला, कंपोस्टनं भरलेला क्रेट अलगद धरला आणि उचलला. भार्गवी मोठ्यानं हसली. मग ती ट्रॅक्टर मेथीच्या वाफ्यापर्यंत घेऊन गेली, आणि तिथे एक जोड सुटला.

त्याचे आटे वेगळ्या मापाचे होते. हातानं घट्ट बसले, दाबाखाली निसटले. होजचं तोंड सापासारखं वळवळायला लागलं आणि कोवळ्या मेथीवर तेलाचा फवारा उडाला. "बंद कर, बंद कर," चंद्रहास ओरडत धावला. इंजिन चालूच होतं. तो पोचला तेव्हा भार्गवी दोन्ही हातांनी किल्ली धरून बसली होती. तिची बोटं किल्लीवर होती, आणि किल्ली फिरत नव्हती.

त्यानंच ती फिरवली.

ज्या जमिनीवर तिनं कधी फवारणी होऊ दिली नव्हती, तिथली तेल प्यायलेली माती तो दुपारभर फावड्यानं गोण्यांत भरत होता. ती खुर्चीत बसून अजून कुठपर्यंत खणायला हवं ते सांगत होती. रात्री जेवताना तिच्या हातातून चमचा पडला. चंद्रहासनं तो उचलला, धुतला, परत दिला, आणि किल्लीऐवजी तळहातानं दाबता येईल असं मोठं लाल बटन बसवतो म्हणाला.

त्यानंतर त्याचं कामच असं होत गेलं. तो पुढचं काही बसवी तोवर तिचं आणखी काही गेलेलं असे. लाल बटन बसलं, तर मनगट उचलेना. कोपर टेकायला आधार केला, तर मान एका बाजूला कलायला लागली. मान टेकायला सीट बदलली. दांड्यावरचं बटन त्यानं काढलं आणि बोट नुसतं टेकलं तरी चालेल असा स्विच कुठूनतरी शोधून आणला. कारखान्यात तो केसाहून बारीक चुका पकडायचा. इथे त्याची चूक काय होतेय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो जास्तच वेळ देत गेला.

याच काळात वाचेवर उपचार करणारी थेरपिस्ट घरी येऊन गेली. तिनं सांगितलं की आवाज जाण्याआधी तो साठवून ठेवा. हवी ती वाक्यं, हव्या त्या भाषेत रेकॉर्ड करा. पुढे मशीन वापरायची वेळ येईल तेव्हा निदान तेवढी तरी स्वतःच्या आवाजात बोलता येतील. लवकर करा, असं ती दोनदा म्हणाली. चंद्रहासनं चांगला मायक्रोफोन मागवला. खोकं आलं, हॉलमधल्या कपाटावर गेलं. येत्या रविवारी बसू, असं ठरलं. त्या रविवारी नेमका व्हॉल्व्ह गळायला लागला.

त्यांची मुलगी आर्या ग्रोनिंगनला शिकत होती. ती आली की आईजवळ बसून राही. मराठी तिला सगळी समजे, पण उत्तर इंग्लिशमध्ये नाहीतर डचमध्ये. भार्गवीचे शब्द आता ओले होऊन एकमेकांना चिकटायला लागले होते, तरी आर्याला ते कळत. मी करते रेकॉर्डिंग, असं तिनं सुचवलं. भार्गवी नको म्हणाली. तिला ती वाक्यं चंद्रहासबरोबर करायची होती, सगळी मराठीत.

हॉस्पिटलच्या टीमनं पुढचं विचारलं. पोटात नळी घालून अन्न देता येईल, रात्री श्वासासाठी मास्क, नंतर कदाचित कायमचं मशीन. भार्गवीनं ऐकून घेतलं. घरी आल्यावर सावकाश, एकेक शब्द सुटा करत तिनं चंद्रहासला सांगितलं, "ट्रॅक्टरला हवं ते जोड. मला काही जोडायचं नाही."

चंद्रहासनं विचारलं, की स्विच डाव्या बाजूला घेतला तर तिला सोपं जाईल का.

त्या शनिवारी आर्या शेडमध्ये गेली. तो ट्रॅक्टरखाली होता, नुसते बूट दिसत होते. ती बुटांशी बोलली. "शी डझन्ट वॉन्ट द ट्रॅक्टर, बाबा. शी वॉन्ट्स यू इन द हाऊस."

"येतोच," तो खालून म्हणाला. "आता थोडंच राहिलंय."

आणि खरोखरच थोडं राहिलं होतं. उन्हाळा संपता संपता काम पुरं झालं. एकही जोड गळत नव्हता. सीट, आधार, स्विच, होजना घातलेली जाळी, सगळं कंपनीतून आल्यासारखं दिसत होतं. एव्हाना भार्गवीला सीटवर बसवणं शक्यच नव्हतं. त्यानं तिची चाकाची खुर्ची बांधावर आणून उभी केली, शाल पायांवर नीट केली आणि स्वतः ट्रॅक्टरवर चढला. विमही गोठ्यातून बाहेर आला होता.

चिमटा लोण्यासारखा चालला. चंद्रहासनं क्रेट उचलला, फिरवला, ठेवला. मग एक भोपळा उचलला, सालीवर ओरखडाही न उठवता. इंजिन बंद करून तो उतरला आणि जवळजवळ धावतच तिच्यापाशी आला.

भार्गवी काहीतरी बोलली.

एखादा शब्द नव्हता तो. पुरतं वाक्य होतं, मध्ये श्वास घेऊन परत पुढे गेलेलं. त्याला एक अक्षर समजलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, कान तिच्या तोंडाशी नेला, परत म्हण म्हणाला. ती परत म्हणाली. त्याला वाटलं, "होतं" असं काहीतरी आहे. किंवा "हवं होतं". त्यानं आणखी एकदा विचारलं. तिनं आणखी एकदा प्रयत्न केला, यावेळी आवाज निम्म्यातच विरला, आणि तिनं डोळे मिटून घेतले. विम वळून गोठ्याकडे चालायला लागला.

आर्याला कळलं असतं. थेरपिस्टला कदाचित कळलं असतं. या महिन्यांत रोज घरात बसलेल्या कुणालाही कळलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यानं कपाटावरचं खोकं काढलं, मायक्रोफोन जोडला, तिच्यापुढे धरला. भार्गवीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्या यंत्राकडे, आणि त्याच्यासाठीच असावं, ओठ हलवले. त्यानं ते हेडफोनवर ऐकलं. श्वास होता आणि एक लांबलेला स्वर. त्यानं वायर काढून गुंडाळली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो रडला, आणि तिला त्याच्या केसांवर हात ठेवता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही आणि शेडमध्येही गेला नाही. तिला भरवणं, तिची कूस बदलणं, लाळ पुसणं, सगळं तो शिकला. चांगलं शिकला. पण आता ते दोघं एका खोलीत दिवसभर असत आणि खोलीत बोलणं नसे.

मग डोळ्यांनी चालणारं मशीन आलं. पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखली की ते अक्षर उमटतं, आणि शब्द पुरा झाला की मशीन तो म्हणतं. त्यात मराठी नव्हती. भार्गवी इंग्लिश अक्षरांत मराठी लिही आणि एक अनोळखी डच बाई ते वाचून दाखवी. तिच्या जिभेवर ज चा य होई, ग चा ख होई. पाणी हवं, पाय दुखतोय, खिडकी लाव. चंद्रहास त्या बाईच्या तोंडून आपल्या बायकोला ऐकायला शिकला.

खूप दिवस त्यानं धीर केला नाही. पानं गळून गेली, सकाळी गवतावर पांढरं दिसायला लागलं, तेव्हा एकदा तिला सूप भरवून झाल्यावर त्यानं विचारलं, "त्या दिवशी बांधावर काय म्हणालीस? ट्रॅक्टर चालवून दाखवला तेव्हा."

भार्गवीनं नजर पडद्याकडे नेली. एकेक अक्षर उमटायला वेळ लागत होता.

"याउ दे," डच बाई म्हणाली.

त्याला आधी अर्थ लागलाच नाही. त्यानं वाकून पडद्यावर वाचलं. जाऊ दे.

आठवत नव्हतं म्हणून, की आठवत होतं म्हणून, हे त्यानं विचारलं नाही. तिचे डोळे दमले होते.

थंडीत तिला कफ झाला. हाउसआर्ट्स, म्हणजे त्यांचे नेहमीचे डॉक्टर, घरी आले. तिच्या इच्छेप्रमाणे काहीही जोडलं नाही, फक्त त्रास होऊ नये एवढं औषध दिलं. आर्या ग्रोनिंगनहून पोचली होती. भार्गवी दुपारी गेली. आर्यानं तिच्या अंगावरची शाल सारखी केली आणि चंद्रहासला पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आई तुला शेवटी काय बोलली?"

"मला कळलं नाही," चंद्रहास म्हणाला.