डाळिंबाचा वळसा

अंगण आखायला बाहेरचं माणूस बोलवायचं, हे लेकीनं सुचवलं तेव्हा मी फोनवरच हसलो होतो. चाळीस वर्षं जमीन मोजण्यात घालवलेल्या माणसाला त्याचं अंगण दुसऱ्यानं आखून द्यायचं? पण एका दुपारी मुकाट्यानं मीच त्या गार्डन डिझायनर बाईंना फोन लावला. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती गेलीच. नात आता चालायला लागली, तरी हिचं परत यायचं नाव नाही. विचारलं की म्हणते, "बघू." मला वाटलं, मागच्या अंगणाचा कायापालट केला, फोटो पाठवले, तर निदान बघायला तरी येईल.

बाई आल्या त्या रिकाम्या हातानं. कागद नाही, टेप नाही. मान खाली घालून अंगणभर फिरायला लागल्या. काही हरवलंय का, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"माणसं कुठून चालतात ते मी आधी बघते," त्या म्हणाल्या. "आखणी नंतर."

"त्यात बघायचंय काय? स्वयंपाकघराच्या दारापासून कपड्यांच्या तारेपर्यंत सरळ फरशी टाका. एकतीस फूट. मोजून ठेवलंय मी."

"पण तुमची पायवाट सरळ नाहीये."

मी पाहिलं. गवतातली ती मातकट पट्टी मध्येच डावीकडे सरकत होती आणि अर्धगोल घेऊन पुन्हा रेषेवर येत होती. आत नुसतं गवत.

"इथं काय होतं?"

डाळिंब होतं. हिनं लावलेलं, नेमकं माझ्या सरळ रेषेत. नऊ वर्षांपूर्वी ही बहिणीकडे गेली असताना मी ते तोडलं, मुळासकट काढलं. परत आल्यावर ही एवढंच म्हणाली, "मोकळं दिसतंय." मी ती शाबासकी समजलो. त्यानंतरही ही कपड्यांची बादली घेऊन त्या नसलेल्या झाडाला वळसा घालूनच जायची. मी खिडकीतून चिडवायचो, "अगं, झाड गेलं, आता तरी सरळ चाल." ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"बायकोची सवय होती ती. सध्या लेकीकडे असते," मी बाईंना म्हणालो.

"त्यांना जाऊन किती दिवस झाले?"

"सव्वा वर्ष."

"मग एव्हाना वाट गवतानं बुजली असती." त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "हे तुम्ही चालताय."

सव्वा वर्ष माझे कपडे मीच वाळत घालतोय, पण जाता-येता मीही तोच वळसा घालतोय याचा मला पत्ताच नव्हता. हिची इतकी आठवण आली की मी तिथंच पायरीवर बसलो. बाईंनी समजूतदारपणे तारेची उंची बघायला घेतली.

आठ दिवसांनी आराखडा आला. फरशीची वाट, तिला तोच वळसा, आणि वळशाच्या आतलं वर्तुळ कोरं. मी व्हिडिओ कॉल लावून कागद हिच्यापुढे धरला. हिनं चष्मा लावला.

"हे वाकडं कुणी काढलं?"

"मीच ठेवायला सांगितलं. तुझी वाट आहे ती."

मागे नात वाटी आपटत होती. हिनं पडद्यावरच्या कोऱ्या वर्तुळावर बोट टेकवलं.

"मध्ये काय लावणार?"

"काही ठरवलं नाही." मग नऊ वर्षं राहिलेलं एकदाचं बोललो. "मी तुला न विचारता तोडायला नको होतं गं. चुकलंच माझं."

हिनं चष्मा काढून पुसला.

"मोकळं दिसतंय," ती म्हणाली.

या वेळी मी त्याला शाबासकी समजलो नाही.

"ये ना आता," मी म्हणालो. "घर खायला उठतं."

"खड्डा दोन फूट तरी खोल घ्या," ही म्हणाली. "आणि मी येईपर्यंत त्यात कुणी काही लावायचं नाही."

कधी येणार, ते ती बोलली नाही. मी विचारलंही नाही. संध्याकाळी स्वतः खड्डा खणला, अडीच फूट. रोज सकाळी बादली घेऊन निघतो आणि त्याला वळसा घालून तारेपाशी जातो.