चिंचोक्यांचा डबा

"बाई, ह्यो माती खातोय बघा. काय करू?"

"किती खातोय?"

"दिसंल तेवढी."

"मग दिसू देऊ नको. आनि रक्त तपासून घे त्याचं. अंगात लोह कमी पडलं की पोरं माती खात्यात. पुढं कोण?"

उचगावच्या त्या अंगणवाडीत महिन्याची पालकसभा चालली होती. सभा म्हणायला पालकांची, पण पालक म्हणजे आया आणि आज्ज्याच. बाप वर्षातून एकदा, झेंडावंदनाला यायचे, तेही मुलाचा फोटो काढायला. क्रांती कांबळे, म्हणजे कांबळेबाई, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एकेकीला उत्तर देत होत्या. सत्तावीस वर्षं त्या इथं सेविका होत्या. एवढ्या काळात सरकारनं त्यांना तीन वजनकाटे, दोन मोबाईल आणि एक सन्मानपत्र दिलं होतं. गावानं फक्त प्रश्न दिले, आणि ते दर महिन्याला तेच असायचे.

"मोबाईल दाखवल्याबिगर घास गिळत न्हाय."

"तुझा मोबाईल कुठाय आत्ता?"

"हातात."

"मग ते कुणाकडनं शिकलं?"

बायका हसल्या. पुढची म्हणाली, पोरगी डाव्या हातानं खाते. बाई म्हणाल्या, खाऊ दे, पोटात दोन्ही हातांचं एकाच जागी जातंय. एकीचं पोरगं रात्रभर जागं राहायचं. बाईंनी विचारलं, दिवसा कोण झोपवतं? आज्जी झोपवते. मग आज्जीला विचार. आज्जी तिथंच बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला.

प्रत्येक प्रश्नाला बाईंकडे असं उत्तर तयार असायचं. गावातल्या दवाखान्यात नंबर लावून बसण्यापेक्षा बायकांना बाईंचं हे फटकळ बोलणं परवडायचं. पण एका प्रश्नाला बाई कधीच उत्तर द्यायच्या नाहीत. "पोरगं अजून बोलत न्हाय," असं कुणी म्हटलं की त्या गप्प उठायच्या, फडताळातला पत्र्याचा डबा काढायच्या. त्यात मूठभर चिंचोके होते. मुलाचं तोंड आईकडे करायला सांगायच्या, आपण मागे जाऊन उभ्या राहायच्या आणि डबा खडाखडा वाजवायच्या. मूल वळलं तर डबा पुन्हा फडताळात आणि बाई पुन्हा खुर्चीत. बायका याला 'बाईंचा अंगारा' म्हणायच्या. बाईंनी कधी हसून दाद दिली नाही.

गेल्या महिन्यात मोनाच्या राजवीरच्या मागे त्यांनी डबा वाजवला होता. राजवीर सोळा महिन्यांचा. तो वळला नाही. दुसऱ्या आठवड्यात वळला नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी डबा त्याच्या कानाजवळ, पण नजरेआड नेऊन वाजवला. तो आईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिला. बाईंनी मोनाला सांगितलं, कोल्हापूरला सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्या, लगेच. मोना घरी जाऊन बोलली. घरी काय झालं ते मोनाच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि आज तर तिचे सासरेच सभेला आले होते.

हंबीरराव दारात चपला काढून आत आले. बायका सरकल्या. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलायला लागले.

"बाई, मी सरळ बोलतो. माझ्या नातवाला तुमी भैरा ठरवलाय."

"ठरवला न्हाय. तपासून घ्या म्हटलं."

"गावभर झालंय. काल डेअरीत एकजण मला विचारतोय, आबा, नातवाला ऐकाय येत न्हाय म्हणं. मी ट्रॅक्टर चालू केला की त्यो पळत दारात येतोय. भैरं पोरगं यील व्हय?"

"ट्रॅक्टर त्याला पायातनं कळतोय, हंबीरराव. फरशी हालती."

"आनि थाळी वाजली की बघतोय त्ये?"

"थाळी त्याला दिसती. मागं जाऊन वाजवा की एकदा."

हंबीररावांना हे अपेक्षित नसावं. मग राखून ठेवलेलं बोलले.

"आमचा ऋतुराज तीन वरसांचा होस्तवर बोलला नव्हता. त्याची आई रडत तुमच्याकडं आलती. हितंच, ह्याच खोलीत. तुमी काय म्हणालता? पोरगं हाय, उशिरा बोलंल, काळजी करू नका. म्हणालता का न्हाय?"

"म्हणालते."

"बोलला का न्हाय? आज फौंड्रीत सुपरवायझर हाय. दिवसभर बोलायचाच पगार घेतोय. मग त्याचं पोरगं त्याच्यावर गेलं तर बिघडलं काय? तवाच्या बाई खऱ्या, का आत्ताच्या?"

बायका हसल्या, मोना सोडून. हंबीररावांचं बोलणं चुकीचं नव्हतं. गावात कुठल्याही घरी मूल बोलायला उशीर करू लागलं की कुणीतरी म्हणायचंच, 'कांबळेबाई सांगत्यात, पोरं उशिरा बोलत्यात.' बाईंनी ते म्हणणं सोडून बावीस-तेवीस वर्षं झाली होती. गावानं सोडलं नव्हतं.

बाईंनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं बुद्धभूषण रंगकाम करत होता. ग्रामपंचायतीनं 'बोलक्या भिंती' करायचं काम त्याला दिलं होतं. सकाळपासून तो सभेकडे पाठ करून एक पोपट रंगवत होता. त्याची आई पारूबाई अंगणवाडीची मदतनीस. ती दारापाशी खिचडीचं पातेलं घेऊन बसली होती, आणि पोरं सुटायची वाट बघत असल्यासारखी बाहेर बघत होती. गेली वीस वर्षं या दोघी एकाच खोलीत काम करत होत्या. डाळ कमी आली, गॅस संपला, सुपरवायझर मॅडम येणार, या सगळ्यावर त्या बोलायच्या. एका गोष्टीवर एकदाही बोलल्या नव्हत्या. ती आज बोलावी लागणार हे बाईंना कळलं.

त्या उठल्या आणि फडताळातला डबा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"हंबीरराव, तुमच्या ऋतुराजचं मी बरोबर सांगितलं. पण मला कळत हुतं म्हणून न्हवं. मी त्याला तपासलं नव्हतं. आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, आनि नशिबानं ते खरं निघालं. तो बोलाय लागला आनि तुमच्या घरनं मला पेढे आले. आठवत्यात?"

"आठवत्यात."

"त्याच आठवड्यात पारूबाई पोराला घेऊन आल्या. दोन वर्षांचं पोरगं. म्हणाल्या, बाई, ह्यो बोलंना. माझ्या तोंडात तुमचा पेढा हुता. मी म्हटलं, पोरगं हाय, उशिरा बोलंल. मान वर करून पोराकडं बघितलंसुद्धा न्हाय. त्या गेल्या. पुढं पोरगं शाळेत गेलं. गुरुजींनी हजेरी घेतली, चार वेळा हाक मारली, तवा कळलं त्याला ऐकाय येत न्हाय. पाच वर्षं झाली हुती तोपर्यंत. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांचं असताना आणलं असतं तर मशीन लावून बोलाय शिकला असता. ती तीन वर्षं माझ्यामुळं गेली. ह्या डब्यात चिंचोके मी त्या दिवशी घातले."

एकेक करून सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. बुद्धभूषण मान तिरकी करून पोपटाचा डोळा काढत होता. त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा काळ्या रंगात टेकवला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत याचा त्याला पत्ता नव्हता.

पारूबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि उगाच पुन्हा बसवलं.

"तवाच्या बाई खोट्या हुत्या," बाई म्हणाल्या. "आत्ताच्यांचं ऐका. पोराला घेऊन जा. माझं चुकलं तर मला गावासमोर शिव्या द्या, मी खाली मान घालून ऐकीन. पण जा."

हंबीररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. खुर्चीवरच्या डब्याकडे एकदा पाहिलं. मग मोनाला म्हणाले, "चल." राजवीरला त्यांनी स्वतः उचलून घेतलं. मोना जाता जाता मागे वळून बघत राहिली. बाईंना वाटलं, गेलं, हे पोरगंही हातचं गेलं.

सभा तशीच विसकटली. पुढच्या बायकांना आपले प्रश्न विचारावेसे वाटले नाहीत.

दुपारी पोरं गेल्यावर बाई खोली आवरत होत्या. फडताळ उघडं होतं, खुर्चीवर डबा नव्हता.

"डबा कुठं गेला ओ?"

"न्हेला आसंल कुणीतरी पोरानं," पारूबाई मोरीत पातेलं घासत म्हणाली. "यील परत."

बाई खाली बसल्या. आता बोलल्यावाचून इलाज नव्हता.

"पारूबाई, मी तुम्हांला इचारल्याबिगर सगळ्यांम्होरं बोलले. रागावलाय?"

"न्हाय."

"वीस वरसं तुमी एका शब्दानं बोलला न्हाय. मला वाटायचं तुमी मला माफ केलंय. कधी वाटायचं, मनातनं शिव्या देताय. तुमी मला दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

पारूबाई राखेनं पातेल्याचं बूड घासत राहिली.

"भूषणला आज सांगायचं का? काय बोलले मी ते?" बाईंनी विचारलं. "मला त्याची खुणांची भाषा येत न्हाय. तुमी सांगा. मी समोर बसते."

"त्येला ठावं हाय."

"कधीपासनं?"

"मिरजंच्या मूकबधिर शाळंत लिवाय शिकला तवापासनं. सुट्टीला आलता. पाटीवर लिवून इचारलं, आपल्याला उशिरा का कळलं? मी म्हटलं, बाईस्नी इचारलंतं, बाई म्हणाल्या बोलंल." पारूबाईनं पातेलं पाण्याखाली धरलं. "मग त्येनं लिवलं, परत का न्हाय इचारलंस?"

नळ चालू राहिला.

"त्येचं उत्तर माझ्याकडं न्हवतं, बाई. आजूनबी न्हाय. तुमाला कुठल्या तोंडानं शिव्या देऊ?"

बाईंना फार वाईट वाटलं. आपण एकटीच हे वाहतोय असं त्या इतकी वर्षं समजून चालल्या होत्या, आणि ही बाई त्याच खोलीत रोज खिचडी ढवळत होती. त्यांनी उठून नळ बंद केला. पातेलं दोघींनी मिळून पालथं घातलं.

बाहेरच्या खोलीत बुद्धभूषण ब्रश धूत होता. आईला बघून त्यानं बोटांनी काहीतरी विचारलं. पारूबाईनं उत्तर दिलं. त्यानं खांदे उडवले आणि बाईंना पोपट दाखवला. डोळा जमलाय का? बाईंनी मान हलवली, जमलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कुलूप काढायला आल्या तर उंबऱ्यावर डबा ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला. आत चिंचोके तेवढेच होते. झाकणाला मात्र मधोमध मोठा पोचा आला होता, कुणीतरी जड वस्तूनं बडवल्यासारखा. बुडालाही दोन होते.

हातात डबा घेऊन त्या उभ्या होत्या तेवढ्यात मोबाईल वाजला. मोना होती.

"बाई, आमी सीपीआरला आलोय. मामा रांगेत हुबं हायत."

"हंबीरराव काय म्हणाले?"

"काय न्हाय. सकाळी उठले, गाडी काढली, चल म्हणाले." मोनाचा आवाज बारीक झाला. "काल घरी गेल्यावर डबा त्यांच्या धोतरातनं निघाला. राजवीर खेळत हुता, त्याच्या मागनं वाजवला. मग जोरात वाजवला. मग ट्रॅक्टरचा पाना घेऊन त्याच्यावर बडवाय लागले. मी म्हटलं, मामा, बास. थांबंनात. सासूबाईंनी हात धरला तवा थांबले."

"आनि राजवीर?"

"खेळत हुता की."

पलीकडे कुणीतरी नाव पुकारलं. मोना म्हणाली, "आमचं न्हवं. ठेवते, बाई."

बाईंनी दार उघडलं. बुद्धभूषण रंगाची बादली घेऊन मागून आत आला. बाईंच्या हातातला डबा त्याला दिसला. त्यानं तो घेतला, हलवला, आतले चिंचोके तळव्याला आपटल्याचं कळल्यावर हसला. मग झाकणावरचा पोचा दिसला तसं त्यानं झाकण काढलं आणि आतून अंगठा लावून तो बाहेर ढकलू लागला. पत्रा मऊ होता, लगेच निघाला असता.

बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. झाकण पोच्यासकट बसवलं, फडताळात डबा जिथं असायचा तिथं ठेवला आणि पोपटाच्या चोचीला लाल रंग द्यायला गेला.