कालवांच्या राणीचं पान

हो, मीच बोलतेय. काउंटरशेजारच्या खिळ्याला नायलॉनच्या दोरीने टांगलेली निळ्या पुठ्ठ्याची वही. दोरी अशासाठी, की मला पळवणारे फार. एकदा तर पोस्टमन मला पत्रांच्या पिशवीत घालून निघाला होता!

जन्म माझा कोरियातल्या बुसानच्या कारखान्यातला, पण मला कळायला लागलं ते थोंगयोंग बंदरात, ग्वाकसाहेबांच्या पीसी-बांगमध्ये. चाळीस संगणक, तासावर मिळणाऱ्या खुर्च्या, गरम राम्यॉन शेवयांचा वास आणि दिवसभर आरडाओरडा. तिथे सगळे एकच खेळ खेळायचे, नऊ गडांचा. आपलं एक पात्र काढायचं, तलवारबाज, तिरंदाज नाहीतर वैदू. राक्षस मारत लेव्हल चढायची. दर लेव्हलला पाच पॉइंट मिळतात, ते ताकदीत टाका, चपळाईत टाका, विद्येत टाका, नाहीतर दमात, म्हणजे मार सोसण्यात. पण एकदा टाकला तो टाकला, परत काढता येत नाही.

नवशिके ग्वाकसाहेबांचं डोकं खायचे. "साहेब, पॉइंट कुठे टाकू?" शेवटी वैतागून त्यांनी मला आणलं आणि नियम केला, की ज्याची पन्नासावी लेव्हल होईल त्याने आपलं पात्र कसं वाढवलं ते एका पानावर लिहायचं. मग काय, माझा तोरा विचारू नका. खुर्चीवर बसण्याआधी लोक मला उघडायचे.

माझं पहिलं पान बॉम-सॉकचं. हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा गडी, आमच्या टोळीचा सरदार. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. 'तलवारबाजाने सगळं ताकदीत टाकावं. वैदूने सगळं विद्येत. दम हा भित्र्यांचा धंदा.' पुढच्या तीस जणांनी हेच आपापल्या शब्दांत लिहिलं. मलाही ते खरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आणि मग पिल-नाम काकू आली. अठ्ठावन्न वर्षांची. सकाळपासून कालवांच्या शेडमध्ये उभी राहून शिंपले फोडायची आणि दुपारी तीनला थेट आमच्याकडे. हाताला समुद्राचा वास, गुडघ्यांना पट्टे. जिन्याच्या बारा पायऱ्या चढताना तीनदा थांबायची. पण खुर्चीत बसली, की तिची वैदू डोंगर चढायची, उड्या मारायची, लांडग्यांच्या कळपातून धावत सुटायची. काकू तेव्हा एकटीच हसायची. ते हसू मी रोज बघायचे, म्हणून सांगते, ती वैदू म्हणजे तिला नुसता खेळ नव्हता. वैदूचं नाव तिने ठेवलं होतं 'कालवांची राणी'.

तीन वर्षांनी तिची पन्नासावी लेव्हल झाली. तिने चष्मा पुसला आणि माझ्यात लिहिलं, 'पहिल्या वीस लेव्हल सगळे पॉइंट दमात. पुढे तीन विद्येत, दोन दमात. काठी जुनीच चालेल, चिलखत चांगलं घ्या.'

बॉम-सॉकने ते मोठ्याने वाचलं आणि खुर्च्यांची सगळी रांग खो खो हसली.

"अहो काकू, हे काय करून ठेवलंत? वैदूला दम कशाला? तिने जखमा भरायच्या, कुस्ती नाही खेळायची!"

"आमच्या शेडमध्ये भराभर सुरी चालवणाऱ्या पुष्कळ आहेत रे," काकू म्हणाली. "दुपारपर्यंत निम्म्या खाली बसतात. बसलेल्या बाईची सुरी काय कामाची?"

"शेड वेगळी, गड वेगळा. हे वाचून नवी पोरं वाया जातील." असं म्हणून त्याने ते पान टर्रकन फाडून चुरगाळलं. मला किती लागलं म्हणून सांगू! काकूने बोळा उचलून एप्रनच्या खिशात टाकला.

आता गडाचं ऐका. दर रविवारी चार वाजता लढाई. गड जिंकायचा तर सरदाराने आतल्या शिळेवर हात ठेवायचा आणि शंभर आकडे होईपर्यंत जागचं हलायचं नाही. तो मुकाट मार खातो, वैदू मागून त्याच्या जखमा भरतात. सात रविवार आमची टोळी शिळेपर्यंत गेली आणि सातही वेळा साठच्या आत आडवी झाली. समोर कोजे बेटावरची टोळी, एक नंबरची चिवट. दर वेळी बॉम-सॉक म्हणायचा, "ताकद कमी पडली."

आठव्या रविवारी एक वैदू बहिणीच्या लग्नाला गेला. जागा रिकामी. काकू उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी येते."

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. बॉम-सॉकने डोकं खाजवलं. "या काकू. पण तुम्ही पडलात, तर ही राणी पुसून टाकायची. वहीत लिहिलंय तशी नवी वैदू काढायची. कबूल?"

तीन वर्षं! ते डोंगर, ते धावणं, सगळं एका बटणात जाणार.

"कबूल. आणि उभी राहिले तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

चार वाजले. दरवाजा फुटला, आमचे बाराजण आत घुसले, बॉम-सॉकने शिळेवर हात ठेवला. ग्वाकसाहेब काउंटर सोडून आकडे मोजायला मागे येऊन उभे. वीसला कोजेवाल्यांचे तिरंदाज आले. त्यांनी सरदाराला सोडून आधी वैदूंनाच धरलं. एकतिसाव्या आकड्याला पहिला वैदू पडला, चौतिसाव्याला दुसरा आणि लगेच तिसरा. एकेका बाणात गार!

"गेलं!" बॉम-सॉक ओरडला. "मी हात काढतो."

"हात काढलास तर याद राख!" काकूचा आवाज असा, की चाळीस खुर्च्या वळल्या. "मी आहे ना मागे."

तिच्यावर सहा तिरंदाज तुटून पडले. राणीच्या अंगात बाणच बाण, पण राणी पडेना. काकू पुटपुटत होती, "एक त्याला, एक मला. एक त्याला, एक मला." साठ झाले. सत्तर झाले. पंच्याऐंशीला राणीच्या आयुष्याची पट्टी बोटभर उरली. ग्वाकसाहेबांना आकडा उच्चारवेना, म्हणून सगळी रांगच मोजू लागली. सत्त्याण्णव! अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव!

शंभर! गडावर आमचं निशाण चढलं. लोक खुर्च्यांवर चढले, कुणाचं तरी राम्यॉन कीबोर्डवर सांडलं आणि ग्वाकसाहेब रागवायचंही विसरले.

गलका थांबल्यावर बॉम-सॉक उठला, काकूसमोर आला आणि कमरेत वाकला. "सांगा काकू. तुम्ही म्हणाल ते."

सगळ्यांना वाटलं, आता ही चिलखत मागणार, नाहीतर रांगेत कायमची जागा. काकू लंगडत काउंटरपाशी आली आणि मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं.

"बस. लिही."

"मी लिहू?"

"फाडलं कोणी?"

तो बसला. तिने सांगितलं, त्याने लिहिलं. "नीट काढ अक्षर, कोणाला वाचता यायला नको? हां. तीन विद्येत, दोन दमात. आता खाली नाव घाल, कालवांची राणी. त्याहून मोठं. आणखी मोठं!"

आज मी जाडजूड झालेय, पाठीला दोनदा चिकटपट्टी लागलीय. कोजेवाले बसने येऊन माझ्यातलं ते पान उतरवून नेतात आणि तोंड वाकडं करून का होईना, काकूला नमस्कार करतात. माझ्यातल्या बाकी सगळ्या पानांपेक्षा लोक ते एकच पान उघडतात, आणि मला त्याचा अभिमान आहे, फार आहे.

तुम्हीही या. बोटं पुसा, मला उघडा, पॉइंट कुठे टाकायचे ते खुशाल शिका. माझं एवढंच मागणं आहे, कुणाचं पान फाडायचं झालं, तर आधी त्याला एक रविवार तरी लढू द्या.