काकादू, काकातुआ आणि हलिना

झोळीची स्प्रिंग करकरली आणि घरातली शांतता मोडली. बाळ जागं झालं की काय म्हणून मी पेन खाली ठेवलं. नाही, झोपलं पुन्हा.

युसरी सोळा दिवसांचा झालाय. आणि या सोळा दिवसांत माझ्या पाच वर्षांच्या हलिनाला माझ्याशिवाय कुणी हलिना म्हटलेलं नाही. नवरा नाझरी, मी मक म्हणजे आई म्हणते त्या सासूबाई, इथलं ऑस्ट्रेलियातल्या कटॅनिंगमधलं सगळं मलय गणगोत, सगळे तिला काकाक म्हणतात. म्हणजे ताई. धाकटं आलं की थोरलीला आईबापांनीसुद्धा ताईच म्हणायचं, अशी यांची रीत. हलिना माझी आजी. ती तिकडे पोलंडात वारली तेव्हा मला माहेरी जाता आलं नाही. म्हणून निदान तिचं नाव लेकीला ठेवलं.

काल दुपारी अंगणात पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा उतरला.

"आई, काकादू बघ," हलिना म्हणाली.

"काकातुआ म्हण," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "काकाक तुआ. म्हातारी ताई. तुरा उभारून कशी दटावते बघ सगळ्यांना."

"आमचं पोलिश काकादू तुमच्या मलयमधूनच आलंय, मक," मी म्हटलं. "तुमच्याकडून डचांनी नेलं, त्यांच्याकडून जर्मनांनी, मग आम्ही."

"आणि परत कुणी दिलं नाही." त्या हसल्या. "नाझरीची खिळे उपटायची पकडसुद्धा काकातुआच. चोच तशीच ना."

"पण म्हातारी ताई हा अर्थ खरा?"

"माझी आई सांगायची. मी काय पक्ष्याला विचारायला गेले?"

त्या खुशीत दिसल्या, म्हणून धीर करून बोलले, "मक, हिला हलिनाच म्हणा ना."

त्यांचा हात थांबला. "अगं, आपण नाव घेतलं तर उद्या युसरीही नावच घेईल. थोरल्या बहिणीला नावानं हाक? माझ्या घरात नको बाई." मग नवी पाकळी उचलत, "मलाही चार धाकटी भावंडं. माझं नाव आठवतं तुला?"

लग्नाला सहा वर्षं झाली. मला पटकन आठवेना.

"रुकिया," त्याच म्हणाल्या. "कुणी घेत नाही. कधी कधी न्हाताना मीच घेते."

मी लसणाची सालं गोळा करू लागले. हलिना इतका वेळ सगळं ऐकत होती. ती माझ्या मांडीला टेकली.

"आई, मी काकाक झाले ना, मग हलिना कुठे गेली?"