सैराकान आपांच्या खिडकीतला दिवा

रात्री झोप न येणं हा मी मॉस्कोहून आणलेला एकमेव टिकाऊ माल. बाकी सगळं, म्हणजे जाकीट, बूट, थोडेफार पैसे, पहिल्याच हिवाळ्यात संपलं. मी तिथे एका गोदामात वर्षानुवर्षं रात्रपाळीला ट्रक उतरवत होतो. कंबर गेली म्हणून परत आलो, पण शरीर अजून रात्रपाळीच करतंय. अंधार पडला की डोळे टक्क उघडे. बायको म्हणाली, घरात येरझाऱ्या घालून सगळ्यांची झोपमोड करू नकोस, फिरायचंच असेल तर बाहेर फिर. म्हणून मी बाहेर फिरतो. नुसता फिरलो तर लोक चोर समजतील, म्हणून कॅमेरा नेतो.

आमच्या या आक-बुलुंग गावात रात्री फोटो काढण्यासारखं आहे तरी काय, असं दिवसा भेटणारा प्रत्येक जण विचारतो. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. कोळशाची खाण बंद झाली तेव्हापासून रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत. चौकात सिनेमाघर आहे, त्याच्या छपरातून आता चांदणं आत पडतं. बसथांब्यावर सिमेंटचा गरुड आहे, त्याची चोच कुणीतरी पाडली. पाटाच्या कडेने पॉपलरची झाडं आहेत आणि दोन्ही बाजूंना लोखंडी फाटकं. निम्म्या फाटकांना कुलपं. तिपाई लावायची, शटर उघडं ठेवायचं, बोटं खिशात घालून उभं राहायचं आणि कॅमेऱ्याला दिसेल ते दिसू द्यायचं, एवढंच माझं काम. पहिले काही दिवस कुत्र्यांनी डोकं खाल्लं. आता तीही कंटाळली आहेत, मान वर करून बघतात आणि परत झोपतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

हे फोटो मी फोनवरच्या आमच्या गटात टाकायचो. आक-बुलुंगची जेवढी पोरं मॉस्कोत आहेत तेवढी सगळी त्या गटात आहेत. पोरं म्हणायची पद्धत, निम्म्यांना टक्कल पडलंय. त्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या. कुणी म्हणे माझं फाटक काढ, कुणी म्हणे शाळेमागची भिंत आहे का बघ. मी जायचो, कुलूप लावलेल्या फाटकाचा काळाकुट्ट फोटो काढायचो, आणि तिकडे विटा वाहून थकलेला माणूस त्याखाली लाल बदाम टाकायचा. अंधारातलं कुलूप बघून एवढा आनंद कसला होतो कोण जाणे. पण मीही तिथे असतो तर बघत बसलो असतो.

फोटोला कुठेतरी उजेड लागतो. आमच्या गल्लीत रात्रभर उजेड असायचा तो एकाच खिडकीत, सैराकान आपांच्या. पिवळा दिवा, अर्धा पडदा, खाली पत्र्याच्या डब्यात लावलेली फुलझाडं. ही खिडकी कोपऱ्यात घेतली की कसलाही फोटो जिवंत व्हायचा. म्हणून मी तिला सारखी घ्यायचो. म्हातारी दिवा का मालवत नाही याबद्दल गल्लीत मतं होती. शेजारचा केनेश म्हणायचा, तिने मीटरला काहीतरी करून ठेवलंय, नाहीतर एवढं बिल कोण भरेल. बायका म्हणायच्या, एकटी आहे, अंधाराला भिते. मी काहीच म्हणायचो नाही. पहाटे परत येताना त्या मला हाक मारायच्या, चहा द्यायच्या, वर बोलायच्या, की रात्री फिरणारा एक तर लांडगा असतो नाहीतर जावई, तू कोण?

त्यांचा मुलगा मेलिस माझ्याच वर्गातला. आईला तो आपा म्हणायचा आणि बापाला आके; आपा तर त्यांना सगळी गल्लीच म्हणते. तोही त्या गटात होता, पण कधी फर्माईश करायचा नाही. आई त्याच्याशी बोलत नव्हती. बाप वारला तेव्हा तो आला नाही. पुढे बापाचं वर्षाचं जेवण झालं तेव्हा रिवाजाप्रमाणे जेवणाला घोडा कापायला पैसे पाठवले, पण स्वतः आला नाही. तेव्हा आपांनी सांगून टाकलं की तो फाटकातून आत येईल तेव्हा मी बोलेन, तोवर त्याच्या फोनशी मला काही बोलायचं नाही. आणि त्या शब्दाच्या पक्क्या. फोन वाजला की मेलिसचं नाव बघायच्या आणि उशीखाली सारायच्या.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला मेलिसचा मला फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"ताबिल्दी, खरं सांग. कधी गेली?"

"कोण?"

"वेड पांघरू नकोस. तुझे फोटो बघतोय मी. आमच्या खिडकीत रोज रात्रभर दिवा असतो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे त्याच्या खोलीत चाळीस रात्री दिवा विझवत नाहीत, गेलेल्याला घर सापडावं म्हणून. आक-बुलुंगमध्ये विजेच्या पैशासाठी लोक अंधारात जेवतात. तिथे रात्रभर दिवा जळतोय म्हणजे दुसरं काय असणार? मी रोज चहा पितो त्या घरी, म्हणून हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मेलिसच्या मनात दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, अरे बाबा, म्हातारी ठणठणीत आहे, आज सकाळीच तिने मला शिव्या दिल्या. मी जितकं सांगत होतो तितका तो जास्त गप्प होत होता, आणि मलाही कळत होतं की माझं काही चालत नाहीये. दूर असलेल्याला मृत्यूची बातमी आम्ही कधी सरळ देतो? सगळं ठीक आहे म्हणतो, जरा ताप आहे म्हणतो, सवड काढून येऊन जा म्हणतो. मी खरं बोलत होतो आणि माझा शब्द न् शब्द त्या ठरलेल्या खोट्यासारखा वाटत होता. त्याने केनेशलाही विचारलं होतं. केनेशही म्हणाला ठणठणीत आहे. दोघंही ठणठणीतच म्हणाले, म्हणजे ठरवून म्हणाले. येतो, तिकीट बघतो, म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी त्या पहाटे आपांकडे गेलो. कंटाळा आला होता, पाय ओढत गेलो. दुसऱ्याच्या घरातलं निस्तरायला लागणारी ताकद माझ्यात उरलेली नाही. त्यांनी नेहमीसारखा वाटीच्या तळाशी थोडासाच चहा ओतला.

"आपा, मेलिसला वाटतंय तुम्ही गेलात."

"कुठे?"

"कुठे नाही. गेलातच."

त्या हसल्या नाहीत. चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, "मग काय म्हणतोय?"

"येतो म्हणतोय. तिकीट बघतोय."

"येऊ दे की."

मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, एक शब्द बोला, नुसतं खोका फोनवर, त्याला ओळखू येईल. मधेच काम सोडून आला तर मुकादम सगळ्या हंगामाची मजुरी बुडवतो, परत घेतही नाही. मी बघितलंय ते.

"तुझंही काम गेलं ना?" त्या म्हणाल्या. "मेलास का तू?"

"मी जिवंत असल्यासारखा दिसतो का तुम्हाला?"

"चहा तर पितोयस." त्यांनी माझी वाटी परत भरली. "हे बघ पोरा, बापासाठी आला नाही. आता आईसाठी येतो का, ते मला बघायचंय. माणसाला हे जिवंतपणी बघायला मिळत नाही. मला मिळतंय. तू मधे पडू नकोस."

मी पडलो. मला राहवलं नाही. कारण मेलिस तिथे ज्या खोलीत राहतो तिथे मी राहिलो आहे, आणि त्या खोलीत आई गेल्याचा विचार घेऊन एकट्याने रात्र काढायची म्हणजे काय, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आपा पडदा सारखा करायला खिडकीशी आल्या तेव्हा मी रस्त्यावरून फोटो काढला. चेहरा स्वच्छ, पांढरा रुमाल, कपाळावर आठ्या. तो मेलिसला पाठवला.

त्याचा लगेच फोन आला. आवाज अगदी शांत होता. "हा रुमाल मीच पाठवला होता, आके होते तेव्हा. जुना फोटो आहे हा."

"अरे ती अजून तोच बांधते."

"आके गेले तेव्हाही मला असाच फोटो आला होता, ताबिल्दी. खाटेवर बसून सूप पिताना. बरे होतायत, हंगाम संपवून ये, असं सांगितलं. मी विश्वास ठेवला. हंगाम संपवला. तेव्हा ते मातीत जाऊन महिना झाला होता. मग कुठल्या तोंडाने येणार होतो? आता तूही फोटो पाठवतोयस."

फोटोवर माझा जो काही विश्वास उरला होता तो तिथे संपला. आपांना हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. कोणी कोणाला काय सांगितलं आणि काय लपवलं, याचा हिशोब आमच्या गावात कधी लागत नाही. सगळे मायेपोटीच करतात.

पुढे काही दिवस त्याचा फोन लागला नाही.

तो आला त्या रात्री मी आपांच्या घरासमोर, पाटाच्या पलीकडे तिपाई लावून उभा होतो. जमीन गोठली होती. कोपऱ्यावर टॅक्सी थांबली, दार लागलं, आणि मग ती आरोळी आली.

मयताच्या घरी आमचे पुरुष गुपचूप जात नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उतरायचं आणि तिथून रडत, गेलेल्याला हाका मारत चालत यायचं. जो मुका येतो त्याच्याबद्दल त्याच्या नातवंडांनासुद्धा ऐकवतात. मेलिस एकदा आलाच नव्हता. त्यामुळे यावेळी त्याने काही कमी ठेवलं नाही. कंबरेत वाकून, दोन्ही हात कुशीवर दाबून, अडखळत तो येत होता. "माझ्या आपा, मला न बघताच गेलीस गं," म्हणत होता, आणि त्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या फाटकांवर आपटून परत येत होता. अंगणात मयतासाठी उभारतात तो तंबू नाही, दारात माणसं नाहीत, हे त्याला दिसलं असेल. दफन होऊन गेलं, आपण याही वेळी उशिरा आलो, असंच त्याने धरलं असणार.

गल्लीत एकेक खिडकी उजळू लागली. केनेशची, त्याच्या पुढची, समोरची. मी आल्यापासून ही गल्ली एवढी उजळलेली पाहिली नव्हती. लोक अंगावर कोट टाकून बाहेर आले. आमच्याकडे आरोळी ऐकली की आधी रडतात आणि मग कोण गेलं ते विचारतात, त्यामुळे केनेश आणि आणखी दोघं-तिघं बाप्ये फाटकाशी उभं राहून मोठ्याने साथ द्यायला लागले. केनेशने तर संध्याकाळी आपांकडून मीठ उसनं आणलं होतं.

तेवढ्यात आपांचं फाटक उघडलं. त्या बाहेर आल्या, डोक्यावर तोच पांढरा रुमाल.

मेलिसची आरोळी अर्ध्यावर तुटली. केनेशचीही. मेलिस गुडघ्यावर बसला की पडला, मला नीट दिसलं नाही. त्या पुढे झाल्या नाहीत. फाटकाला हात लावून उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पोर किती वाळलंय ते बघत असाव्यात.

"आपा," तो म्हणाला.

"मी आहे. मी कुठे जात नाही." आवाज रोजचाच, चहाला हाक मारतात तसा. "थांबलास कशाला? आलाच आहेस तर आता बापासाठी रड. ते राहिलंय तुझं."

मेलिसने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मघाशी गल्ली दणाणून सोडणारा माणूस, त्याला आता साधा "आके" हा शब्द उचलवत नव्हता. मग तो शब्द आला. गल्लीला ऐकू जाणाराही नव्हता, मी जवळ होतो म्हणून ऐकला. दुसऱ्यांदा जरा मोठा आला. आणि मग तो असा रडला की केनेशने खाली बघितलं, आणि हळूहळू बाप्यांनी परत साथ धरली. यावेळी कोणासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचं रडणं संपेपर्यंत आपा तशाच उभ्या होत्या. मग आत जाऊन गरम पाण्याची झारी घेऊन आल्या, रडून आलेल्या पाहुण्याच्या हातावर घालतात तसं त्याच्या हातावर पाणी घातलं, तोंड धुवायला लावलं, त्याचं डोकं जवळ ओढून कपाळाचा वास घेतला. म्हणाल्या, "चल, जेव." एवढंच. लोकांनाही बोलावलं, पण लोक शहाणे निघाले. केनेश माझ्या जवळून जाताना नाक पुसत पुटपुटला की आता ते मीठ परत द्यायला सकाळी कुठल्या तोंडाने जाऊ.

खिडक्या एकेक करून विझल्या. मला आठवलं, माझं शटर एवढा वेळ उघडंच होतं. बंद करून पाहिलं. हललेलं माणूस अशा फोटोत उमटत नाही, त्यामुळे मेलिस नव्हता, केनेश नव्हता, कोणीच नव्हतं. दोन्ही बाजूंना पेटलेल्या खिडक्या, आणि फाटकाशी एक पांढरा ठिपका, जो बराच वेळ जागचा हलला नव्हता. तो फोटो मी गटात टाकला नाही. एवढे दिवे एकदम पेटलेले पाहून तिकडे कोण कोण तिकीट काढेल, सांगता येत नाही.

मी तिपाई आवरत होतो. कंबर ठणकत होती. तेव्हा आपांची खिडकी विझली.

मी बघतच राहिलो. परत आल्यापासून ती मला एकदाही अंधारी दिसली नव्हती. म्हाताऱ्याच्या चाळीस रात्री कधीच संपल्या होत्या. पण मुलगा बापासाठी रडायला आला नव्हता, आणि तोवर त्यांनी दिवा मालवला नव्हता, एवढी साधी गोष्ट होती, आणि आम्ही मीटरबद्दल बोलत होतो.

गल्लीत आता फोटो काढण्याजोगा उजेड नव्हता. मी भिंतीला हात लावत लावत घरी गेलो आणि आडवा झालो. बायको सांगते, त्या रात्री मी घोरलो.